रमजानच्या तोफेत गोळा

मित्रांनो, अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्यावरच्या एका लहान किल्ल्यातली मी म्हातारी तोफ. माझा आवाज ऐकून कुणी पळाल्याचे मला ठाऊक नाही. लोक जेवायला बसत. रमजानमध्ये सूर्य बुडाला की माझ्यात दारू आणि चिंध्या ठासून बार काढायचा आणि शहराने उपास सोडायचा, एवढीच माझी मर्दुमकी. मला ओतले होते लढाईसाठी, पण पोटात गोळा कधी गेलाच नाही.

माझा गोलंदाज मितवल्ली; सगळे त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणत. तीस वर्षे तो मला तेल लावून पुसत आला. दर वर्षी बोटाने ठोकून माझा आवाज ऐकायचा. एका वर्षी तो ऐकता ऐकता थांबला. माझ्या बुडाशी केसाएवढी चीर गेली होती. त्याने वर अर्ज केला. दोन महिन्यांनी उत्तर आले, तोफेला रंग द्यावा. रंग दिला. पाहुणे माझे कौतुक करू लागले आणि चीर दिसेनाशी झाली.

पुढे दोन वर्षांनी, जुलैतल्या एका सकाळी, रमजानला आठवडाही उरला नसताना इंग्रजांच्या लोखंडी बोटींनी किल्ल्यांवर मारा सुरू केला. तटाचे दगड लाह्यांसारखे उडत होते. मला वेगळीच धास्ती होती. मी फुटले, तर सगळ्यांत जवळ मितवल्ली असणार होता.

"उस्ता, भर हिला," कप्तान रुश्दी एफेंदी म्हणाला.

"साहेब, हिला चीर आहे."

"आज कुणाला नाही? भर."

मितवल्लीचे हात कापत होते. दारू, चिंध्या, ठासणी, वात. बार निघाला. मी शाबूत, तोही शाबूत. असे तीन बार झाले. इतक्यात त्याची बायको नफीसा डोक्यावर पाण्याची घागर घेऊन धुरातून आली. शहरातल्या बायका त्या दिवशी असेच पाणी पोचवत होत्या.

"हसनच्या बापा, गोळे संपले का?"

"का गं?"

"तिन्ही बार उपास सोडायचे वाजले. शेजारची म्हातारी खजूर शोधायला लागली."

मितवल्लीने खाली पाहिले. तिन्ही गोळे पायाशी तसेच पडले होते. हातांनी तीस वर्षांचे काम चोख बजावले होते.

कप्तानाने पायानेच एक गोळा पुढे ढकलला. "आता माझ्यासमोर गोळा भर."

गोळा आत आला. गार आणि जड. बुडाशी काहीतरी करकरले. मितवल्लीने वात उचलली.

नफीसाने घागर खाली ठेवली. "साहेब, वात तुम्हीच लावा."

"तोफेतलं तुला काय कळतं, बाई?"

"मला नाही कळत. यांना कळतं, म्हणून तर हात कापतायत."

कप्तानाने वात हिसकावली, जवळ आला आणि नखाने माझा रंग खरवडला. खपली निघाली. आत त्याचे नख शिरले.

"केसाएवढी असं लिहिलं होतंस ना?"

"दोन वर्षांपूर्वी, साहेब."

समोर बोटी गरजत होत्या. कप्तानाने वात घागरीत बुडवली. "उतरा सगळे खाली."

ते गेले. मी एकटी, पोटात गोळा घेऊन, संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

तो गोळा अजून आत आहे. रमजानचा बार आता दुसरी तोफ काढते. मित्रांनो, जुन्या वस्तूवर नवे काम लादण्याआधी तिला रोज पुसणाऱ्या माणसाला विचारा. तो साहेबापुढे गप्प बसला, तर त्याच्या बायकोला विचारा.