मुळांचे ठसे

गावातले लोक बाबांना झाडोबा म्हणायचे, आणि बाबांना ते मनापासून आवडायचं. पोस्टमनकी संपल्यावर माणसं गुडघे चोळत बसतात, नाहीतर न विचारलेले सल्ले देत फिरतात. बाबांनी गावाबाहेरचा ओसाड डोंगरउतार धरला. तिथे दगड, काटेरी झुडपं आणि मोकाट जनावरं, बाकी काही नाही. बारा वर्षं जिवाचं रान करून त्यांनी त्या उतारावर अकराशे झाडं उभी केली, आणि यात मेलेली धरलेली नाहीत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. रोप लहान असताना रानात न्यायचं नाही. "एवढंसं पोर एकटं सोडाल का तिथे?" असं ते विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे नाहीत. दोन वर्षं रोप अंगणात काळ्या पिशवीत वाढवायचं, कमरेला लागलं की न्यायचं. खड्ड्याशी पिशवी ब्लेडने कापायची, पण आतला मातीचा गोळा जसाच्या तसा खाली ठेवायचा. गोळा फुटला तर फोडणाऱ्याची धडगत नसे. धाकटीच्या हातून एकदा फुटला होता, तेव्हा बाबांनी तिच्याशी दोन दिवस अबोला धरला. चाळिशीच्या मुलीशी!

धाकटी, म्हणजे त्यांची शेंडेफळ लेक, शाळेत चित्रकला शिकवायची आणि सुट्टीत बाबांबरोबर उतारावर जायची. ते लावायचे, ती चितारायची. आकाश काढलं, दगड काढले, खड्ड्याशी वाकलेले बाबा काढले. चित्रं बरी यायची. बरी म्हणजे काय, कुणीही "छान" म्हणून पुढे जावं अशी. मग एका उन्हाळ्यात बाबांनी मेलेली रोपं उपटून खड्डे मोकळे करायला सांगितले. तिने पहिलं रोप ओढलं, माती झटकली आणि हातातल्या मुळांकडे बघतच राहिली. घरी आणून नळाखाली धुतली, वाळवली, वर रुळाने शाई फिरवली, कागद ठेवला आणि चमच्याच्या पाठीने घासत बसली. कागद उचलला तर मुळं गोल गोल गेलेली, एकात एक, लोकरीच्या गुंड्यासारखी. वीस वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, हे माझं आहे.

असे चाळीस ठसे झाले आणि शहरातल्या एका कलादालनाने ते भिंतीवर लावले. पहिल्याच दिवशी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आल्या. एकेका ठशापुढे इतका वेळ उभ्या राहिल्या की धाकटीला आतून गुदगुल्या व्हायला लागल्या.

"ही रोपं पिशवीत किती दिवस होती?" बाईंनी विचारलं.

"दोन वर्षं."

"आणि लावताना मुळं सोडवली नाहीत."

"नाही. गोळा फोडायचाच नसतो ना."

बाई तिच्याकडे वळल्या. मग हळू आवाजात सांगू लागल्या, वर्गात सांगावं तसं. पिशवीत मुळांना जागा नसते, ती गोल फिरत राहतात. जमिनीत गेली तरी ती सवय सुटत नाही. झाड वर वाढतं, पानं येतात, सगळं छान दिसतं. बुंधा जाड झाला की तीच मुळं त्याला आवळतात, नाहीतर एखाद्या वादळात झाड आडवं होतं.

"पण आमची डोक्याच्या वर गेलीत," धाकटी म्हणाली.

"जातात. कुणाला पाच वर्षं मिळतात, कुणाला दहा. सगळी मरतात असं नाही. पण कुठलं जाणार, ते वरून कळत नाही."

"मग आता काय करायचं?"

"एवढ्या मोठ्या झाडांना? आता काही नाही करता येत." बाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. फटकन बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान त्यांचा राग तरी करता आला असता.

धाकटीची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. सांगावं तर बाबांची बारा वर्षं एका वाक्यात मातीत जाणार. न सांगावं तर अंगणातली तीनशे रोपं पुढच्या आठवड्यात त्याच वाटेने जाणार. तिने ठरवलं, नव्या रोपांपुरतं काहीतरी गोड बोलून सांगू, बाकीचं पोटात ठेवू.

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. दिसेल त्याला सांगत सुटले, "हे माझ्या झाडांचं आहे बरं का. आणि ही माझी धाकटी." मग एका ठशापुढे थांबून त्यांनी तिला हाक मारली.

"बघ, कसं घट्ट धरलंय मातीला! म्हणून म्हणतो, गोळा फोडू नये. यंदाची रोपं अजून वर्षभर ठेवतो पिशवीत. आणखी मजबूत होतील."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. दालनातल्या बाकावर बसवून तिने सांगायला सुरुवात केली. हातचं राखून सांगणार होती, पण बाबांनी पस्तीस वर्षं लोकांच्या दारात वाईट बातम्या पोचवल्या होत्या. पाकीट हातात घेतलं की आत काय आहे ते त्यांना कळायचं. त्यांनी एकेक प्रश्न विचारून सगळं काढून घेतलं.

"सगळीच जाणार?"

"सगळी नाही."

"मग कुठली?"

"ते नाही कळत, बाबा. बघायचं तर उपटावं लागतं."

बाबा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. "पाच-दहा वर्षं," ते म्हणाले. "म्हणजे मी नसेन. तुलाच बघावं लागणार." त्यांनी चिडावं, ओरडावं, त्या बाईंना शिव्या घालाव्यात, असं तिला फार वाटत होतं. ते नुसते शर्ट सारखा करत उठले. जाताना त्यांनी पहारेकऱ्याला नमस्कार मात्र केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तर बाबा अंगणात बसून स्वतःच्या हाताने गोळे फोडत होते. एकेक मूळ सोडवत होते, आणि ते तुटलं की "चुकलो, चुकलो" म्हणत होते. ती शेजारी बसली. दुपारपर्यंत दोघांची मिळून सतरा रोपं झाली.

रविवारी दोघं पाण्याचे डबे घेऊन उतारावर गेली. झाडं वाऱ्यावर डोलत होती, एकाचंही पान पिवळं नव्हतं. बाबा पहिल्या झाडाशी थांबले. पाणी घातलं नाही. आधी तिच्याकडे वळले.

"तू एवढी मुळं हाताळलीस. तुला अंदाज येत असेल. हे टिकेल?"

तिने बुंध्यावर तळवा ठेवला. तिच्या हातांखालून गेली होती ती सगळी मेलेल्यांची मुळं. जिवंत झाडाच्या पोटात काय आहे, ते तिला बाबांपेक्षा तसूभरही जास्त माहीत नव्हतं.

"टिकेल, बाबा."

बाबांनी मान डोलावली, सावकाश पाणी घातलं, आणि पुढच्या झाडावर हात ठेवून उभे राहिले.

"आणि हे?"