शरणपूरच्या पिशव्या

शरणपूरच्या चर्चच्या मंडळीत माझा शब्द मोडण्याची प्रथा नाही. महिला मंडळाची सूत्रे माझ्याकडे आली, तेव्हा आजच्या पाळकसाहेबांचे दुधाचे दातही पडले नव्हते. खिरपाड्यावर डोंगर खचल्याची बातमी आली त्या रविवारी उपासना संपताच मी उभी राहिले आणि म्हणाले, "कोणीही घरी जाणार नाही. आधी काय देणार ते सांगा, मग जेवायला जा."

खिरपाडा पेठच्या पलीकडे आहे. दरडीखाली अर्धी घरे गेली होती, शाळेची भिंत खचली होती आणि वरच्या कड्याला पडलेली भेग रुंदावत होती. भेगेच्या वाटेत न येणारी एकच इमारत उरली होती, ओढ्याकाठचे आमचे पत्र्याचे प्रार्थनाघर. आमची माणसे आणि आमची नसलेली, सारा पाडा तिथे दाटीवाटीने बसला होता. पुंजा हा तिथला आमचा सेवक. एरवी भातशेती करतो, रविवारी प्रार्थना चालवतो.

मंडळीत जमले ते पुरणारे नव्हते. शहरातल्या इतर चर्चना निरोप धाडले. तरीही भागेना, तेव्हा आयुष्यात कधी केले नव्हते ते केले. दुसऱ्यांच्या दारी मागायला गेले. रविवार कारंजावरच्या ओसवाल शेटजींनी डाळीची पोती दिली. गंगापूर रोडच्या एका गणेश मंडळाने ताडपत्र्या दिल्या. द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्टवाल्याने टेम्पो दिला आणि तो चालवायला कुंदन दिला.

दर नाताळात आम्ही दवाखान्यात फळांच्या पिशव्या वाटतो. प्रत्येक पिशवीत एक पिवळी चिठ्ठी असते आणि तिच्यावर माझ्या हस्ताक्षरात बायबलमधले धीर देणारे एक वचन. माझे अक्षर पाहण्यासारखे आहे, हे मी नम्रतेचा आव न आणता सांगते. या वेळीही पिशव्यांत चिठ्ठ्या पडल्या. कोणी विचारले नाही, कोणी सांगितले नाही. हातांना सवयच तशी होती.

सावळघाटात धुके इतके दाट होते की कुंदन खिडकीबाहेर डोके काढून गाडी हाकत होता. घाट चढून वर आलो आणि माझा फोन वाजला. पुंजा होता.

"बाई, पिशव्यांत कागद-बिगद नाय ना?"

पुंजा गाणे म्हणतो तेव्हा ओढ्यापलीकडे ऐकू जाते. त्या दिवशी तो कुजबुजत होता.

"वचनाच्या चिठ्ठ्या आहेत. का?"

"काढा, बाई. दोन गडी येऊन बसल्यात मोटरसायकलवर. धान्याच्या नावाखाली धरम वाटता, म्हणत्यात. एक जरी कागूद गावला तं प्रार्थनाघराला कुलूप ठोकू, म्हणत्यात. आत लेकरं हायत. वली बाळंतीण हाय. त्यांना कुठं नेऊ? भेगेखाली?"

"प्रभूचे नाव लपवून फिरणारी बाई मी नव्हे, पुंजा."

"तुमी सांजला शरणपूरला जाल, बाई," तो म्हणाला. "आमी इथंच ऱ्हाणार."

फोन तुटला.

शेजारी माझी सून पल्लवी बसली होती. तिने सारे ऐकले होते. "आई, गाडी बाजूला घ्यायला सांगू?"

"गरज नाही. आपण चोरी केलेली नाही."

"डाळ ओसवालांची आहे. ताडपत्र्या गणेश मंडळाच्या. तुमच्या शब्दावर दिल्यात त्यांनी. त्यांच्या पिशवीत आपली चिठ्ठी घालताना आपण त्यांना विचारलं होतं?"

लग्न होऊन आल्यापासून या मुलीने मला उलट उत्तर दिले नव्हते. माझ्याकडे जबाब तयार होता, पण पुंजाची ती कुजबुज कानातून जात नव्हती.

"कुंदन," मी म्हणाले, "थांबव."

एका बंद टपरीच्या आडोशाला आम्ही तिघे टेम्पोच्या हौद्यात बसून पिशव्या सोडू लागलो. ओल्या सुतळीच्या गाठी घट्ट बसल्या होत्या.

"या गाठी कोणी मारल्या हो?" कुंदन दातांनी सुतळी ओढत म्हणाला.

"मी."

"तरीच. तुमच्या हातातून सुटलेलं काय ऐकिवात नाय."

पल्लवी हसली. मीही हसले असते, पण रस्त्यावरून कुठलीही गाडी गेली की आम्ही तिघेही हात आखडून गप्प होत होतो. माझी बोटे गारठली होती. अखेरची एक गाठ काही केल्या सुटेना. कुंदनला हाक मारणे मला कमीपणाचे वाटले. मी पिशवी बाहेरून चाचपली. आत चिठ्ठीसारखे काही हाताला लागले नाही. ती मी इतरांत ठेवून दिली. काढलेल्या चिठ्ठ्यांचे गाठोडे टपरीच्या पत्र्याखाली खोचले आणि आम्ही निघालो.

खिरपाड्यावर पोहोचलो तेव्हा प्रार्थनाघराच्या दारातच मोटरसायकल आडवी लावलेली होती. रेनकोटातले दोन तरुण. त्यांतला उंच होता तो पुढे आला.

"आजी, पिशव्यांत काय आहे?"

"तांदूळ, डाळ, तेल, मीठ, काडेपेटी."

"अजून?"

"अजून काय असावे, असे तुला वाटते?"

"पुस्तकं-बिस्तकं."

"पुस्तके पोट भरलेल्यांना लागतात, बाळ. बाजूला हो, माणसे भिजताहेत."

तो बाजूला झाला नाही. त्याने एक पिशवी फाडली, दुसरी फाडली, तांदळात कोपरापर्यंत हात घातला. पुंजा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या पायाशी त्याची धाकटी मुलगी होती. तिला बाहेर जाऊ नको म्हणून त्याने तिची वेणी मुठीत धरून ठेवली होती. वर डोंगरातून मधूनच दगड सुटल्याचा आवाज येई आणि आतली सगळी माणसे एकदम छताकडे पाहत.

काही सापडले नाही. उंच तरुणाने मान हलवली आणि वाटप सुरू झाले.

कुसाबाई पुंजाची शेजारीण. ती आमच्या मंडळीतली नाही, तिचे देव निराळे. दरडीत तिचे घर आणि बकऱ्या गेल्या होत्या. तिने पिशवी घेतली, तिथेच उकिडवी बसली आणि काडेपेटीसाठी कोयत्याने सुतळी कापली. तांदळाबरोबर पिवळी चिठ्ठी निसटून तिच्या पायाशी पडली.

माझी ती गाठ.

उंच तरुणाने मान वळवली. "काय आहे ते?"

कुसाबाईने चिठ्ठी उचलली. उलटी धरली, सुलटी धरली. तिला अक्षर ओळखता येत नाही. मग तिने माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही, पापणी लवण्याइतकेच. कमरेची चंची सोडून तिने ओली तंबाखू चिठ्ठीवर ओतली आणि पुडी बांधू लागली.

"कागूद हाय," ती म्हणाली. "माझी तमाखू भिजली. तुला काय, चिमूटभर पायजे का रं?"

दुसरा तरुण हसला. उंच तरुण हसला नाही. तो कितीतरी वेळ त्या पुडीकडे पाहत राहिला. माझे अक्षर, ज्याचा मला इतका अभिमान, तंबाखूच्या डागाखाली विरत होते, आणि ते लवकर विरावे म्हणून मी मनातल्या मनात प्रार्थना करीत होते.

"सांजला परत येतो," तो पुंजाला म्हणाला. "ही गाडी गेल्यावर."

मोटरसायकल धुक्यात गेली. कुसाबाई माझ्याजवळ सरकली. "तुमचं त्वांड पायलं म्या, बाई. मढ्यावानी झालतं. तवाच समजले, ह्यात काय तरी हाय."

पिशव्या संपल्या. कुंदनने गाडी वळवली. "चला, आई," पल्लवी म्हणाली, "अंधाराच्या आत घाट उतरायचाय."

मुलीची वेणी पुंजाने अजून सोडली नव्हती.

"तुम्ही दोघे निघा," मी म्हणाले. "पाळकसाहेबांना सांगा, उद्या माणसे घेऊन या. ओसवाल शेटजींना आणा, गणेश मंडळाच्या पोरांना आणा. ज्यांनी दिले, त्यांनी इथे येऊन उभे राहावे. तोवर मी इथे आहे."

"आई, इथे? त्या भेगेच्या इतक्या जवळ?"

"एवढे लोक बसलेत ना? कुंदन, माझी पिशवी खाली ठेव."

टेम्पोचा आवाज विरला. कोणीतरी मला दारात खुर्ची दिली. कुसाबाई शेजारी जमिनीवर बसली आणि तिने ती पिवळी पुडी माझ्यापुढे धरली.

"घेता का, बाई? धीर येतो."

मी नको म्हणून मान हलवली. तेवढ्यात धुक्याआडून घरघर ऐकू आली. मोटरसायकल होती की डोंगर, ते कोणालाच उमगेना. पुंजाने मुलीला आत ढकलले आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.