न पुसलेली धूळ

मित्रांनो, मी एक जुना धूलिकण आहे. इतका जुना, की माझ्यापुढे डोंगरांनीही वयाच्या बढाया मारू नयेत. सगळे मला वाळवंटाचा समजतात, पण माझा जन्म एका तळ्याच्या तळाशी झाला. मासे माझ्यावर पोट टेकून निजत. पुढे तळे आटले, काठची माणसे उठून गेली, आणि मला वाऱ्याने उचलले.

आम्ही असंख्य भावंडे समुद्र ओलांडायला निघालो. सोबत वाळवंटाची गरम, कोरडी हवा होती. खाली पाण्यावर एक वादळ बाळसे धरत होते. आमची हवा त्याच्या ढगांत शिरली आणि ते तिथेच विरले. त्याचा शेवटचा गडगडाट मला अजून ऐकू येतो. पैलतीरावरच्या बेटावर मात्र आमचे कोण कौतुक! आमच्यामुळे आभाळ दुधट झाले, की आता वादळ येणार नाही म्हणून तिथले मच्छीमार निर्धास्त होत.

तिथल्या एका घरात मी उतरलो. घरात म्हातारी, तिचा मच्छीमार मुलगा आणि सून. म्हातारीचा नवरा वादळाने गिळला होता. तेव्हापासून तिने आपल्या मनानेच एक नियम केला होता. धुळीच्या दिवसांत मुलगा समुद्रावर गेला, की तो परतेपर्यंत खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या आणि धुळीला हात लावायचा नाही. धूळ पुसली तर वादळाला वाट मिळेल, अशी तिची भीती होती. सुनेला दमा होता.

"आई, निदान पलंगाजवळचं तरी पुसू द्या. श्वास पुरत नाहीये."

"थोडी कळ काढ गं. त्याची होडी काठाला लागू दे, मीच घर लख्ख करते. या धुळीनंच त्याला सांभाळलंय."

"आणि मला कोण सांभाळणार?" सून हसून म्हणाली. म्हातारीही हसली. मग सुनेला खोकल्याची उबळ आली. तिने जोरात श्वास ओढला, आणि त्याबरोबर मी आत गेलो.

म्हातारी दुष्ट नव्हती, मित्रांनो. ती सुनेची पाठ चोळत होती. पण कान दाराकडे होते.

"आई, आलो गं! ही कुठाय?"

मुलगा सुखरूप आला होता. सुनेच्या छातीत मात्र आता काही हलत नव्हते. म्हातारीने ओले फडके घेतले. उंबरा पुसला, खिडकी पुसली, पलंगाची कड पुसली. मग ती सुनेचे ओठ पुसू लागली. मी जिथे होतो, तिथवर फडके पोहोचत नाही. मुलाने हात धरला, तेव्हा ती थांबली.

आता मी सुनेबरोबर जमिनीखाली आहे. इथे वारा येत नाही. धुळीचे दिवस आले, की वर म्हातारीची पावले वाजतात. ती बसते आणि थडग्याचा दगड पुसत राहते.

मित्रांनो, माझी भावंडे तुमच्या घरी आली, तर त्यांना ठेवून घेऊ नका. खिडकी लावा, ओले फडके फिरवा. आणि घरात कुणी "श्वास पुरत नाहीये" म्हणाले, तर आधी त्याच्याकडे बघा. दाराकडे मग.