अर्धीच फिरणारी मूठ

मित्रांनो, माझ्या मालकांनी मला वीस वर्षं शर्यतीला नेलं, पण मी जोरात पळावं असं त्यांना एकदाही वाटलं नाही. मी परतवाड्याची, शंभर सीसीची एक जुनी मोटारसायकल.

आधी मी शेंदूरजनाघाटच्या बागांतून संत्र्यांची क्रेटं वाहत असे. इंजिन थकलं तेव्हा बागवाल्याने मला परतवाड्याला खुशालरावांच्या गॅरेजात सोडलं ते कायमचं. खुशालरावांनी मला खोललं, पुसलं, पुन्हा जोडलं आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीत एक लहानसा स्क्रू बसवला. त्यामुळे मूठ अर्धीच फिरे.

दरवर्षी कपाशीची उलंगवाडी झाली, शेतं मोकळी झाली, की वरूडजवळ मातीवरच्या मोटारसायकल शर्यती होतात. मोठ्या गटात ज्याची त्याची गाडी. नवख्यांच्या गटात मात्र सगळ्यांनी एकेक करून माझ्यावरच तीन फेऱ्या मारायच्या, घड्याळ लावून. पहिला येईल त्याने पुढच्या वर्षी मोठ्या गटात जायचं. माझी चाल पाहून लोक हसत. खुशालराव म्हणत, "पयल्याच दिवशी आपटला तो मानूस पुन्हा येत नाई. त्याले धड घरी जाऊ द्या." मग शेवटच्या आलेल्याजवळ ते चहा घेऊन बसत आणि विचारत, "कुठं भेव वाटलं?" तो एखादं वळण सांगे. पुढच्या वर्षी तेच वळण तो नीट घेई.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, खुशालराव वारले.

शर्यतीच्या मंडळातला शालिकराम गॅरेजात आला. तो मेळघाटात जीप चालवतो, मोठ्या गटात तीनदा पहिला आलेला आहे, आणि शिकला माझ्यावरच. "काकाची आठवण हाय ते. अशी मरतुकडी नाई ठेवाची," तो म्हणाला. मंडळाने मला नवा रंग दिला, नवा कार्ब्युरेटर बसवला, टाकीवर खुशालरावांचं नाव घातलं. स्क्रू काढून फेकला.

त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, मित्रांनो. पण त्यानंतरच्या शर्यतीत मी उधळले. वरूडला संत्री पॅक करणारा गोपाल पहिल्याच वळणावर कडेला रचलेल्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, पोत्यांत गेला आणि त्याचं मनगट मोडलं. त्याच्यानंतर पाळी माधवीची होती. ती परतवाड्यात फुलं विकते. तिने हेल्मेट माझ्या सीटवर ठेवलं आणि निघून गेली.

चौदा जणांचा तो गट. यंदा नावं आली तीन. मंडळाने ठरवलं, पाच झाली नाहीत तर हा गट कायमचा बंद.

त्याच आठवड्यात खुशालरावांची मुलगी हर्षा अकोल्याहून गॅरेज रिकामं करायला आली. ती तिकडे शाळेत शिकवते. तिने माझ्यावरची ताडपत्री ओढली आणि मूठ पिळली. मूठ पूर्ण फिरली. हर्षाने ती सोडून पुन्हा पिळली. मग तिने शालिकरामला बोलावलं.

"शालिकदादा, याच्यातला स्क्रू कुठं गेला?"

"फेकला. त्याच्यानं गाडी पळत नव्हती ना."

"पळू नये म्हणूनच होता तो."

शालिकरामने मूठ एकदा पिळून पाहिली. "मीबी त्याच्यावरच शिकलो," तो म्हणाला, "अन् इसरलो." गोपालचं, माधवीचं आणि बंद पडू घातलेल्या गटाचं सगळं त्याने तिला सांगितलं.

स्क्रू किती लांबीचा होता हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. हर्षाने चार स्क्रू कापले आणि प्रत्येक बसवून मागच्या मैदानात मला फिरवलं. एकदा ती पडली, कोपर सोलून निघालं. चौथा स्क्रू बरोबर बसला. मग ती माझ्यावरून थेट बाजारात, माधवीच्या दुकानाशी गेली.

"त्या गाडीवर? नाई व माय," माधवी म्हणाली.

"बसू नको. फक्त मूठ पिळून पाह्य."

माधवीने ओले हात पदराला पुसले आणि मूठ पिळली. "इतकीच?"

"इतकीच."

"माहं गिऱ्हाईक भाव आयकून हिच्याहून जोरात पळते," माधवी म्हणाली. आणि नाव दिलं.

ते कळल्यावर गोपाल आपणहून आला. पाच झाले.

शर्यतीत गोपाल पहिला आला. माधवी शेवटची, आणि तीही बऱ्याच अंतराने. तिने हेल्मेट काढून माझ्या सीटवर ठेवलं. ती सरळ हर्षाकडे आली.

"ताई, पुढच्या साली तो स्क्रू अर्धा आटा ढिल्ला करजो."

हर्षाचा हात मुठीवर होता. वडिलांनी ठेवली होती तशीच तिने ती मोठ्या कष्टाने लावली होती.

"अर्धा नाही," ती म्हणाली. "पाव."

"चाल, पाव."

शालिकरामने वही काढली आणि पुढच्या वर्षीच्या पानावर पहिलं नाव माधवीचं लिहिलं.

मित्रांनो, मला धुवा, पुसा, तेल घाला, एवढं तर मी मागणारच. पण कोणी पहिल्यांदा काही करायला तुमच्याकडे आलं, तर कौतुकाने आपली सगळ्यात वेगवान गाडी त्याच्या हाती देऊ नका. जिच्यावर बसायला तो पुन्हा येईल, ती द्या.