आईस आणा!

ही गोष्ट तुम्हांला खरी वाटणार नाही. शपथ घेऊन सांगितलं तरी आमच्या कोल्हापुरात माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. पण अठ्ठ्याण्णव साली माझ्या सासूनं बर्फाच्या लादीसकट ऑपरेशन थिएटर गाठलं, म्हणून माझी बायको वाचली. ही काय, शेजारीच शेंगा फोडत बसलीय.

बायकोच्या, म्हणजे बायडाबाईच्या, पित्ताशयात खडे झालेले. भूल दिली आणि बघता बघता तिचं अंग लाकडासारखं ताठलं, ताप चढत सुटला. कपाळावर तांदूळ टाकले असते तर भात झाला असता! लाखात एखाद्याला भुलीचा गॅस असा उलटतो म्हणे. त्यावरचं औषध दवाखान्यात नव्हतं. भूल देणाऱ्या डॉक्टर प्रसेनजीतनी गॅस बंद करून ऑक्सिजन सोडला आणि दारातून माझ्यावर ओरडले, "आईस आणा! आईस! लवकर!"

मला वाटलं, शिकलेला माणूस. आपण 'आईला' म्हणतो, तो 'आईस' म्हणतो. म्हणजे शेवटची भेट.

लुना काढली. बिंदू चौकातल्या गतिरोधकावर उडाली, ती थेट रंकाळ्यावरच टेकली. तिथं सासूबाईंचा, अंबूबाईंचा, बर्फाच्या गोळ्याचा गाडा.

"मामी, चला. डॉक्टरनी बोलवलंय."

"झालं व्हय आपरेशन?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मग थांबा की जावयबापू. लादी उन्हात टाकून आलो तर पाणी व्हईल. घिऊनच येतो."

लादी पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतली आणि मामी माझ्या मागं बसल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी मामींकडं बघितलंसुद्धा नाही. लादीवर झडप घातली, फोडली आणि बायडाबाईच्या मानेला, काखेत, जागा मिळेल तिथं बर्फ लावला. संध्याकाळी ताप उतरला. तिनं डोळे उघडून पहिल्यांदा विचारलं, "आई, गाड्यावर कोन हाय?"

डॉक्टर मला म्हणाले, "काय डोकं चालवलंत!"

आमचं असंच. मी घाबरलो म्हणाल तर अजिबात नाही. वाटेत डोळ्यांतून टिपूस नाही. सदरा पुढून चिंब झाला होता खरा, पण तो लादीचं पाणी गळून.

शेंगा फोडायचा आवाज थांबला.

"अवं थापाडं, लादी तर मागं आईच्या मांडीवर हुती न्हवं? मग सदरा पुढनं कसा भिजला?"