कोल्हेखिंडीतली राख

"मामा, चुन्याच्या फक्कीवरनं पाय काढा की. रेघ मोडली तर पुन्हा मारावी लागंल."

"मोडू दे," धुळाप्पा म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

एकतीस वर्षं वनमजुरी केलेल्या या माणसाच्या तोंडून कुठल्याही साहेबापुढं 'व्हय जी'खेरीज दुसरं काही निघालं नव्हतं. काम सुटून तीन वर्षं झाली, तरी जीभ अजून चाकरीतच होती. त्यातून हा अमरसिंह म्हणजे ठेकेदाराचा माणूस. वयानं नातवासारखा, पण पायात बूट आणि काखेत गुंडाळलेला नकाशा.

"मामा, हितं कमान हुणार," अमरसिंह हसत म्हणाला. "तीस फूट उंच. जाणाऱ्या-येणाऱ्याला लांबनं दिसली पायजे."

"कमान दिसंल. पर वळणावरनं येणाऱ्या ट्रकवाल्याला कमानीतनं भाईर पडणारं लेकरू दिसंल का?"

अमरसिंहानं नकाशा या काखेतून त्या काखेत घेतला.

भूमहून परंड्याला जाताना डाव्या हाताला पिवळ्या गवताचा मोठा माळ लागतो. त्याचं उद्यान होणार होतं. वस्तीवर याला कुणाचीच ना नव्हती. गवत राखलं जाईल, शाळेच्या सहली येतील, चार घरांना काम मिळेल म्हणून सगळे खूशच होते. बिनसलं ते फाटकावरून. ते कोल्हेखिंडीत घालायचं ठरलं होतं. तिथं रस्ता टेकाडाला असा वळसा घालतो की समोरची गाडी अंगावर येईतो दिसत नाही. आणि माळावरची हरणं, कोल्हे, सायाळ पाण्याला जातात ती याच खिंडीतून, रस्ता ओलांडून. पलीकडच्या ओघळीत पाणवठा आहे. धुळाप्पानं आणखी दोघा मजुरांबरोबर तो बावीस वर्षांपूर्वी हातानं खणलेला. ते दोघं आता राहिले नाहीत. खिंडीत भिंत उभी राहिली, गाड्यांची रांग लागली, की जनावरांचं पाणी तुटणार.

अर्ध्या कोसावर जुनी मुरूमखाण आहे. तिथं रस्ता सरळ आहे आणि बस उभी राहायला ऐसपैस जागा. फाटक तिथं न्या, एवढंच गावाचं म्हणणं. ग्रामसभेचा ठराव झाला, एकशे त्रेचाळीस सह्या-अंगठे झाले.

"हितनं जनावरं जातात, ह्याला पुरावा काय?" अमरसिंह म्हणाला. "गुरुवारी वनखात्याच्या म्याडम येणार, जागा बघणार, सही करणार. आन मामा, तिकिटाच्या खिडकीवर तुमच्या सुनंचं नाव आमीच घातलंय. इसरू नका."

विसरण्यासारखं नव्हतंच ते. सून दैवशाला दोन वर्षं रोज भूमला जाऊन कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहत होती. पायांना सूज यायची. खिडकी मिळाली तर बसायला खुर्ची मिळणार होती, तीही घरापासून हाकेच्या अंतरावर.

घरी येऊन धुळाप्पा चुलीपुढं बसला. आपण कोण मोठे लागून गेलो, साहेबलोक शिकलेले आहेत, त्यांना कळत नसेल का, असं त्याला वाटत राहिलं. वाटता वाटता त्याची नजर चुलीतल्या राखेवर गेली.

राखेची युक्ती जुनी होती. उन्हाळ्यात जनावरांची मोजदाद असली की पाणवठ्याभोवती राख चाळून पसरायची आणि सकाळी पावलं वाचायची. धुळाप्पाला अक्षर लागत नसे, पण पाऊल लागत असे.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या अकरा चुलींची राख गोळा झाली. हिंमतरावानं आपला शेळ्यांचा कळप आठ दिवस लांबच्या वाटेनं न्यायचं कबूल केलं, कुरकुरत का होईना. "धुळाप्पा, तुझ्या हरणांपायी माझ्या शेळ्या वाळाय लागल्या," तो म्हणायचा. पण खिंडीत पाऊल घालत नव्हता. सोमवार, मंगळवार, बुधवार, रोज सकाळी राखेवर लिहिल्यासारखी पावलं उमटलेली असत. दैवशालानं मोबाईलवर फोटो काढून अमरसिंहाला दाखवले.

"ह्या तर शेळ्या हायत," तो म्हणाला.

"शेळीचा खूर म्होरं बोथट आसतोय," धुळाप्पा म्हणाला. "हे बघा, कसं टोकदार हाय."

"फोटोत सगळं सारखंच दिसतंय, मामा."

ते मात्र खरं होतं. म्हणून ठरलं की म्याडमना खिंडीतच न्यायचं आणि डोळ्यांनी दाखवायचं.

बुधवारी तिन्हीसांजेला धुळाप्पानं खिंडीत इकडून तिकडे राखेचा पट्टा ओढला, दिवाळीत रांगोळी ओढावी तसा हलक्या हातानं. गुरुवारी सकाळी तो परंड्याच्या एसटीनं येणाऱ्या सरपंचांना आणायला फाट्यावर गेला. परतला तेव्हा साडेनऊ झाले होते.

खिंड ओली होती. झाडून, सडा टाकून लख्ख केलेली. मधोमध मोराची रांगोळी, तिच्याखाली 'सुस्वागतम्'. बचत गटाच्या सगळ्या बाया नव्या लुगड्यांत उभ्या होत्या आणि पुढं त्याची बायको बानूबाई, हातात खराटा.

"बघा की कसं केलंय," ती म्हणाली. "येवढी मोठी बाई आपल्या दारात येनार. म्हनलं, राख आन लेंड्या तुडवत येती का काय?"

चार दिवसांत धुळाप्पानं बायकोला राख मागितली होती, पण राख कशाला हे नीट सांगितलं नव्हतं. तो तसाही घरात फार बोलत नसे.

"आत्या," दैवशाला हळूच म्हणाली, "ती पावलं दाखवायची हुती म्याडमना."

बानूबाईच्या हातातला खराटा खाली आला.

तेवढ्यात गाडी आली. राजनंदिनी म्याडम तिशीतल्या, उन्हाची टोपी घातलेल्या. रांगोळी बघून त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "प्राणी जातात ती वाट कुठली?"

"हीच," धुळाप्पा म्हणाला. "पर आज... आज पुसली जी."

अमरसिंह मोठ्यानं हसला. "म्याडम, म्या म्हनलं नव्हतं? रोज काय तरी नवीन." त्यानं कागद आणि पेन पुढं केलं, आणि सवयीनं पाण्याची बाटली धुळाप्पाकडं दिली, धरायला.

एकतीस वर्षं साहेबांच्या मागून चालताना धुळाप्पानं अशा बाटल्या धरल्या होत्या. ही त्यानं घेतली नाही. बाटली मातीत पडली. तो सावकाश चालत कमानीच्या खांबासाठी घेतलेल्या खड्ड्याकडं गेला, काठाला हात टेकून आत उतरला आणि बसला. बाहेरून नुसता पटका दिसत होता.

"मामा, काय नाटक लावलंय!"

"नाटक न्हाय," आतून आवाज आला. "म्याडम, सही उद्या करा. उद्या दिस उगवायला या. पावलं नसली तर म्या हितंच बसतो, वरनं काँक्रीट वता."

"आज सही झाली नाही तर काय बिघडेल, हे त्यांना समजावून सांगा," म्याडम अमरसिंहाला म्हणाल्या.

"काय समजावायचं? अवो मामा, सुनंची खिडकी गेली बघा! आत्ताच्या आत्ता नाव काढतो यादीतनं."

खड्ड्यातला पटका जरा खाली झुकला. सगळे दैवशालाकडं बघायला लागले. तिनं पदर खोचला.

"काढा," ती म्हणाली. "दोन वर्षं हुबी हाय, आनखी हुबी राहीन. आबा, तुमी उठू नका."

मग बानूबाईनं खराटा बाजूला भिरकावला. "म्या पुसलं, तर म्या बी बसनार," असं म्हणत ती खड्ड्याच्या काठावर आली. "सरका की जरा तिकडं, सगळी जागा तुमीच धरलीया." नवं लुगडं सावरत ती उतरली. तिच्यामागं सरपंच काठावर बसले, मग बचत गट बसला. हिंमतराव लांबून ओरडला, "जागा ऱ्हाऊ द्या रं माझ्यापुरती!"

म्याडमनी पेनाचं टोपण लावलं. "मी भूमच्या विश्रामगृहात थांबते," त्या म्हणाल्या. "उद्या सहाला येते. एकदाच. पुन्हा येणार नाही."

शुक्रवारी त्या आल्या तेव्हा नुकतं फटफटलं होतं. आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या देखत, अमरसिंहाच्याही देखत, राख पसरली होती. गाडी वळणाअलीकडंच उभी करायला लावून धुळाप्पा पुढं झाला. जनावरच ते, काल एवढी माणसं बसून गेलेल्या जागी येईलच कशावरून?

खिंडीच्या तोंडाशी बानूबाई उकिडवी बसली होती. शेजारी रांगोळीचा डबा.

आज तिनं झाडलं नव्हतं, सडा टाकला नव्हता. राखेवर टोकदार खुरांची एक ओळ अमरसिंहानं आखणीसाठी ठोकलेल्या एका खुंटीपासून निघून दुसऱ्या खुंटीपाशी जात होती, आणि मधे एक बारकी ओळ तिला चिकटून, पाडसाची. प्रत्येक पावलाभोवती बानूबाईनं रांगोळीचं पांढरं कडं काढलं होतं, कुणी चुकून तुडवू नये म्हणून.

म्याडम वाकल्या. त्यांनी दोन बोटांनी खुराचं अंतर मोजलं. मग धुळाप्पाकडं बघून म्हणाल्या, "पाणवठा कुठं आहे?"

"चला, दावतो."

तो पुढं निघाला, कड्यांच्या कडेकडेनं. म्याडमनी एका कड्यावर उचललेलं पाऊल तसंच मागं घेतलं आणि वळसा घातला. मागून सरपंच, दैवशाला, हिंमतराव, सगळ्यात शेवटी नकाशा घेतलेला अमरसिंह. एकामागून एक सगळे त्याच जागी थांबले, आणि वळसा घालून गेले.