फॉलोऑन टळेपर्यंत

केदार लिमये याची अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनमधली सारी प्रतिष्ठा एका वाक्यावर उभी होती. एका विमा कंपनीचा डेटाबेस सांभाळण्याचं त्याचं काम. त्यात प्रतिष्ठा मिळण्याचा संभव फारसा नव्हता. डेटाबेस चालू असला की केदार कोणाला आठवत नसे, आणि बंद पडला की दुसरं कोणी आठवत नसे. गाणं त्याला येत नव्हतं. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकात सलग तीन वर्षं त्याला शिपायाची भूमिका मिळाली होती. पण लग्न होऊन आश्लेषा नागपूरहून आली, आणि पहिल्याच पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, हातात डाव धरून त्यानं ते वाक्य उच्चारलं. "आमच्या हिनं एका रणजी खेळाडूला नकार देऊन मला पत्करलं!"

लोक हसले. आश्लेषाही ताटाकडे बघून किंचित हसली. वाक्य खरं तर केदारच्या सासूबाईंचं होतं. साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी विहिणीला सांगितलं होतं, "सत्यजित वझलवारचं स्थळ आलं होतं हो, रणजी खेळतो तो. पण आम्हीच नाही म्हटलं. खेळाडूचं काय खरं असतं?" केदारनं ते मनात नीट जपून सातासमुद्रापार आणलं आणि पुढची तीन वर्षं काटकसरीनं वापरलं.

मग २००६च्या जूनमध्ये एका ज्येष्ठ फलंदाजाचं बोट मोडलं, आणि वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर सत्यजित वझलवार कसोटी संघात आला.

वाक्याचा भाव एका दिवसात कुठल्या कुठे गेला. आता नकार रणजी खेळाडूला नव्हता, भारताच्या कसोटी फलंदाजाला होता. ज्यांनी ते वाक्य चार वेळा ऐकलं होतं, त्यांनी पाचव्यांदा मुद्दाम ऐकवायला लावलं. केदारनं ते ऑफिसात मॅनेजरलाही बेसबॉलच्या भाषेत समजावून दिलं. मॅनेजरनं त्याच्याकडे प्रथमच निरखून पाहिलं आणि पुढचे दोन आठवडे त्याच्या नावाचा उच्चार बरोबर केला.

पहिल्या कसोटीत वझलवारनं शून्य आणि नऊ धावा केल्या. केदार त्या संध्याकाळी अतिशय प्रेमळपणे वागला. त्यानं भांडी घासली, आणि "बिचारा" हा शब्द तीनदा उच्चारला. आश्लेषा म्हणाली, "पहिलीच मॅच होती." तेवढंच.

दुसऱ्या कसोटीचा तिसरा दिवस शनिवारी आला. बेटांवरची आणि व्हर्जिनियाची घड्याळं उन्हाळ्यात एकच वेळ दाखवतात, त्यामुळे सामना सकाळी दहाला, सभ्य माणसांच्या वेळेला सुरू होणार होता. केदारनं डिशचं क्रिकेट पॅकेज घेतलेलं होतं. त्याच्याहून बारा वर्षांनी मोठे, नागपूरचेच प्रल्हादराव देवपुजारी, त्यांच्या पत्नी मालिनीताई आणि दहा वर्षांची मुलगी इशिता, असे तिघं पावणेदहालाच टाउनहाउसच्या दारात उभे राहिले.

"सासरचा सामना आहे यार," प्रल्हादराव बूट काढताना म्हणाले. "तुझ्याच घरी बघायला पाहिजे."

"माझ्या सासरचं त्यात काय?"

"वा! असा जावई नाकारलेलं घर ते. हे काय कमी आहे?"

परिस्थिती वाईट होती. यजमानांनी चारशे सत्तर धावा केल्या होत्या आणि भारताच्या अडुसष्टला चार विकेट गेल्या होत्या. फॉलोऑन टाळायला, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजी करावी लागू नये म्हणून, दोनशे एकाहत्तर हवे होते. वझलवार अकरावर नाबाद होता.

वयाच्या सातव्या वर्षापासून केदारनं भारताचा फलंदाज बाद व्हावा अशी इच्छा कधी केली नव्हती. आजही ती इच्छा मनात आल्यावर तो दचकला. पण तो न्यायी माणूस होता, आणि न्यायी माणसं अशा वेळी करार करतात. देश आणि संसार या दोघांचा विचार करून त्यानं ठरवलं की फॉलोऑन टळेपर्यंत वझलवारनं टिकावं, त्यानंतर जावं. तोवर त्यानं तीस-चाळीस केल्या तरी हरकत नव्हती. चाळीस धावा करणाऱ्याला नाकारणं हे शून्य करणाऱ्याला नाकारण्यापेक्षा अधिकच शोभेचं होतं. पन्नासही चालले असते. शंभरावर मात्र हिशेब उलटत होता, कारण शतकवीराला नाकारणारी मुलगी शहाणी की वेडी, असा प्रश्न लोक विचारू लागले असते. आणि लोकांआधी तो प्रश्न मुलीनं स्वतःला विचारला असता.

वझलवार दिसायला काही विशेष नव्हता. ऑफस्टंपबाहेरचे चेंडू तो सोडून देत होता, आणि प्रत्येक चेंडूनंतर बुटाच्या टाचेनं क्रीजजवळ माती खरवडत होता. अठ्ठावीसवर स्लिपमध्ये त्याचा झेल उडाला आणि सुटला. प्रल्हादराव ओरडले. केदारच्या तोंडूनही एक आवाज निघाला, पण तो कशाचा होता हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"काय सुटलास रे!" मालिनीताई पडद्याला म्हणाल्या, आणि मग आश्लेषाला, "तुला काय वाटतं गं असं बघताना? शेवटी समोर बसलेला माणूस तो."

"दाढी नव्हती तेव्हा," आश्लेषा म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

उपाहाराला भारत पाच बाद एकशे एकेचाळीस, वझलवार त्रेचाळीस. इकडे जेवायला आश्लेषानं गोळाभात केला होता. केदारनं पानाकडे पाहिलं. गोळाभात हा नागपूरकडचा पदार्थ, आणि तो या घरात वर्षभरात झाला नव्हता.

"आज गोळाभात?" तो शक्य तितक्या सहज स्वरात म्हणाला.

"डाळ भिजत घातली होती."

"कधी?"

"काल," आश्लेषा म्हणाली. "का? डाळीचं काय?"

वझलवार काल संध्याकाळपासून नाबाद होता, आणि डाळही कालपासूनच भिजत होती. केदारनं या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघितल्या आणि त्याला जेवण गेलं नाही. प्रल्हादरावांनी तीनदा घेतलं आणि ते म्हणाले की अमेरिकेत येऊन एवढं तेल घातलेला गोळाभात खाल्ला नव्हता.

चहापानाला सात बाद दोनशे तेहतीस झाले होते. वझलवार पासष्ट. समालोचक आता त्याचं नाव चुकवेनासे झाले होते. देशाला अजून अडतीस धावा हव्या होत्या आणि केदारला त्या अडतीसही वझलवारच्या बॅटमधून नको होत्या. पण समोरच्या टोकाचा फलंदाज मुळात गोलंदाज होता आणि तो नुसता उभा राहत होता. करारातलं हे कलम केदारच्या ध्यानातून निसटलं होतं. फॉलोऑन वाचवणारा दुसरा कोणी उरलाच नव्हता.

दोनशे एकोणसत्तरवर असताना वझलवारनं पॉइंटच्या बाजूनं चेंडू कापला. चार. दोनशे त्र्याहत्तर. फॉलोऑन टळला, आणि वझलवार सत्त्याण्णववर गेला. प्रल्हादराव सोफ्यावरून उठून नाचले. केदारनं टाळ्या वाजवल्या आणि त्याच क्षणी, करारानुसार, मनात म्हटलं, "आता जा."

गेला तो समोरचा. पुढच्या षटकात नववाही गेला. शेवटचा गोलंदाज बॅट काखेत मारून मैदानात येऊ लागला, तेव्हा इशितानं मघापासून मनात घोळवलेला प्रश्न विचारला.

"मावशी, सो यू डम्प्ड हिम?"

"इशिता!" मालिनीताई म्हणाल्या, पण उत्तर ऐकायला त्याही वळल्या होत्या. "असं बोलायचं नाही. मावशीनं नकार दिला म्हणावं."

आश्लेषा हातातला चहाचा ट्रे खाली ठेवत होती. आजवर हे वाक्य इतर लोक बोलत आले होते. तिला थेट कोणी विचारलंच नव्हतं. आणि लहान मुलांशी खोटं बोलण्याची तिला सवय नव्हती.

"नो, बेटा," ती म्हणाली. "ही सेड नो टू मी."

 षटक संपल्यामुळे पडद्यावर फोन कार्डाची जाहिरात लागली होती आणि एक आई मुलाशी बोलून रडत होती.

"म्हणजे?" प्रल्हादरावांनी विचारलं.

"म्हणजे ते लोक आले, चिवडा खाल्ला, आणि आठ दिवसांनी मध्यस्थांचा फोन आला की पत्रिका जुळत नाही. आईनं संध्याकाळपर्यंत सगळ्या धरमपेठेत सांगून टाकलं की आम्हीच नाही म्हटलं." तिनं कपांत चहा ओतायला सुरुवात केली. "सगळेच सांगतात. त्यांनीही सांगितलं असेल. मी तर होकार दिला होता."

"पण टेक्निकली," प्रल्हादराव प्रोजेक्ट मॅनेजर होते आणि तुटलेलं काहीही सांधायचा प्रयत्न करणं त्यांच्या रक्तात होतं, "पत्रिका जुळली नाही म्हणजे नकार ग्रहांचा झाला ना. तुझा ना त्याचा."

 केदार उठला. "साखर आणतो," तो म्हणाला. साखर ट्रेमध्येच होती.

तो ओट्याला टेकून उभा राहिला. तीन वर्षं ज्या माणसाला हरवल्याच्या थाटात तो हिंडत होता, त्या माणसाशी त्याचा सामना कधी झालाच नव्हता. त्या माणसानं जागा सोडली, म्हणून याला बोलावलं. बोट मोडलेल्या माणसाच्या जागी घ्यावं तसं. आश्लेषा मागोमाग आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"रागावलास?"

"मला सांगायचंस तरी."

"कधी सांगणार? तू पहिल्याच पॉटलकला सुरू केलंस. किती खूश होतास. मला वाटलं, पाच-सहा वेळा सांगशील आणि विसरशील."

"म्हणजे त्यानं हो म्हटलं असतं, तर मी..."

"तर तुझी पत्रिकाच आमच्याकडे आली नसती," आश्लेषा म्हणाली. तिचा स्वर कडू नव्हता. ती सोपा हिशेब सांगावा तसं सांगत होती. "नकार आला तेव्हा मी दोन दिवस रडले होते, केदार. तो आवडला म्हणून नाही, अर्धा तास पाहिलेला माणूस काय आवडणार. नाही म्हटलं म्हणून. तुमच्याकडच्या त्या तीन मुलींनाही असंच वाटलं असेल."

"कुठल्या तीन?"

"तुझ्या आईनं सांगितलेल्या. डॉक्टर, सीए, आणि ती कोथरूडची. तुम्ही नाकारलेल्या."

केदारनं फ्रिजकडे पाहिलं. त्या तिघींपैकी डॉक्टर मुलीनं भेटायलाही नकार दिला होता. सीए मुलीनं त्याला अमेरिकेत स्वतःची गाडी आहे का, ते विचारलं होतं आणि उत्तर ऐकून पुन्हा फोन केला नव्हता. कोथरूडच्या मुलीनं भेटीतच, आईस्क्रीम संपायच्या आत, दिलगिरी व्यक्त केली होती. आईनं हे सगळं घरी आल्याआल्या दुरुस्त करून घेतलं होतं.

"त्यांनी नाकारलं," तो म्हणाला. "तिघींनीही. मीच तिन्ही ठिकाणी होकार दिला होता."

आश्लेषा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि ते आवरण्यासाठी तिनं पदर नसलेल्या खांद्यावर हात नेला, आणि मग टी-शर्टचीच बाही तोंडावर धरली. "तिघींनी?"

"हळू. मालिनीताई दाराशी असतील."

बाहेरून प्रल्हादरावांची आरोळी आली. दोघं धावत बाहेर आले तेव्हा वझलवार हेल्मेट काढून उभा होता. एकशे एक. पडद्यावरच्या त्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा सुटका अधिक होती. पुढच्या कसोटीत आपल्याला वगळणार नाहीत, इतकंच त्याला त्या क्षणी कळलं असावं. केदारला तो चेहरा ओळखीचा वाटला. व्हिसा वाढवून मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा न्हाणीघराच्या आरशात त्यानं तो पाहिला होता.

फोन वाजला. वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेलहून त्याचा मावसभाऊ गुरुदत्त बोलत होता, आणि मागे पंधरा-वीस माणसांचा गोंगाट होता.

"केद्या! अरे इथे सगळे जमलेत. वहिनींनी नाकारला तो हाच ना? मी सांगतोय तर कोणी विश्वास ठेवत नाहीये. स्पीकरवर टाकतो, तूच सांग."

 प्रल्हादरावांनी हात हलवून खुणावलं, 'असू दे, जुनंच चालू ठेव'. मालिनीताईंनी तर सकाळीच जॉर्जियात अल्फारेटाला राहणाऱ्या बहिणीला ही गोष्ट ईमेल करून टाकली होती, त्यामुळे त्यांचं मतही स्पष्ट दिसत होतं. आश्लेषानं मात्र काहीच खूण केली नाही. ती चहा घेऊन खुर्चीत बसली.

"हाच," केदार म्हणाला. "पण तिनं नाही नाकारलं. त्यानं तिला नाकारलं. म्हणून माझा नंबर लागला."

 मग गुरुदत्तनं स्पीकर बंद केल्याचा आवाज आला.

"अरे, हे काय बोलतोस लोकांसमोर?" तो दबल्या स्वरात म्हणाला. "बरं, लाइन खराब आहे असं सांगतो मी. ऐकू आलं नाही म्हणतो. तू काळजी करू नकोस." आणि त्यानं फोन ठेवला.

"बघ," प्रल्हादराव समाधानानं म्हणाले. "बॉथेल सेफ आहे."

एकशे अठरावर वझलवार शेवटी बाद झाला आणि परत निघाला. मैदान हिरवंगार होतं, सावल्या लांबल्या होत्या आणि तिथली माणसं उभी राहून त्याला निरोप देत होती. केदार आश्लेषाच्या खुर्चीच्या हातावर येऊन टेकला.

"तो हो म्हणाला असता तर," त्यानं हळूच विचारलं, "आत्ता तू काय केलं असतंस?"

आश्लेषानं थोडा विचार केला. "तिथे कुठेतरी उन्हात बसले असते. सकाळपासून पोटात गोळा घेऊन." मग ती त्याच्याकडे वळली. "आणि तू इथे, ह्याच सोफ्यावर, त्याच्या पहिल्या धावेपासून घसा बसेपर्यंत ओरडला असतास."

केदारला हे नाकारता येईना. वझलवार सीमारेषेपाशी पोहोचला होता आणि पॅव्हेलियनच्या पायऱ्या चढायला अजून काही पावलं उरली होती. केदार उठून उभा राहिला आणि त्यानं जोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली.